घरचं गाठोडं

आमच्या कल्याणच्या जोशांची यमुना म्हणजेच डॉक्टर आनंदीबाई. १८८३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, नवऱ्याला मागे ठेवून त्या अमेरिकेला गेल्या. फिलाडेल्फियाला शिकल्या, १८८६ साली डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय कोणता? आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र! दहा दिवसांचं बाळ गमावलेल्या आईनं परकी विद्या घेता घेता घरचं गाठोडंही उघडून पाहिलं. १८८७ साली, एकविसाव्या वर्षी, त्या गेल्या.

माझ्या घरी दखनी बोलतात, कविता मी मराठीत लिहितो. ‘‘मग घरचं सुटलं का?’’ असं लोक विचारतात. मला आनंदीबाई आठवतात. दुसरं शिकल्यानं आपलं सुटत नाही. ते नव्यानं वाचता येतं.