सरपणासाठी कटर मशीन घेताना



परंडा तालुक्यातल्या सोनारीसारख्या गावात गॅसची शेगडी आली, तरी अंगणातली चूल आणि पाणी तापवायचा बंब सुटलेला नाही. तुराट्या, पऱ्हाट्या हातानं मोडतात. बाभळीचा ओंडका मात्र बळ मागतो, आणि घरातली तरणी पोरं पुण्या-मुंबईकडं गेलेली असतात. म्हणून साखळीची करवत, म्हणजे आपली कटर मशीन, घ्यायचा विचार अनेकांच्या मनात येतो. कोणती घ्यावी, हे मात्र दुकानात ठरवू नका. आपल्या सरपणाच्या ढिगापाशी ठरवा.

ढिगातला सगळ्यात जाड ओंडका मोजा. मशीनची साखळी जिच्यावरून फिरते ती पट्टी त्याच्या जाडीपेक्षा थोडी लांब असली की पुरे. वीत-दीड वीत जाडीच्या लाकडाला १६ इंची पट्टी भरपूर होते. २२ इंची पट्टीची मोठी मशीन स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका. ती जड असते, हात लवकर थकतात आणि थकलेल्या हातातच अपघात होतो. शिवाय मशीन लाकूड आडवं कापते. उभं फोडायला कुऱ्हाड लागणारच.

मनगटाएवढ्या फांद्यांना बॅटरीवरची छोटी मशीन चालते. घराजवळच कापायचं असेल तर विजेवरची बरी: आवाज कमी, देखभाल कमी. पण २,००० वॅटची मशीन जवळजवळ ९ अँपिअर वीज ओढते. तिला १६ अँपिअरचा सॉकेट आणि जाड वायर हवी. बारीक, लांब वायरीत विजेचा दाब कमी होतो आणि मोटर तापून जळते. बांधावर, विजेपासून लांब काम असेल तर पेट्रोलची घ्या. घरच्या कामाला ४०-४५ सीसीचं इंजिन पुरतं.

पेट्रोलच्या मशीनला पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोकचं ऑइल मिसळावंच लागतं. प्रमाण पुस्तिकेत पाहा: एकास पन्नास म्हणजे लिटरला २० मिली, एकास पंचवीस म्हणजे ४० मिली. साखळीच्या तेलाची टाकी वेगळी असते, तीही भरा. महिना-दोन महिने काम नसेल तर पेट्रोल काढून ठेवा. साखळी बोथट झाली की लाकडाच्या ढलप्यांऐवजी बारीक भुगा पडतो. तेव्हा जोर लावू नका, गोल कानस घेऊन दात घासा. कानशीचं माप साखळीप्रमाणं बदलतं, ते विकत घेतानाच विचारून घ्या. सुटे भाग परंड्यात किंवा बार्शीत मिळतील का, हेही आधी विचारा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. चालत्या पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला, तर मशीन क्षणात उसळून तोंडाकडं येते. म्हणून साखळी जागेवर थांबवणारा ब्रेक नसलेली मशीन घेऊच नका, आणि तो ब्रेक दुकानात चालवून पाहा. टोकानं कापू नका. मशीन खांद्याच्या वर उचलू नका. शिडीवर चढून कापू नका. पायात चप्पल, गळ्यात उपरणं, सुटा पदर असं काही नको. जवळ दुसरं माणूस असू द्या, पण मशीनपासून चांगलं लांब.

मशीन हातात आली की झाड पाडणं सोपं होतं, म्हणून एक विनंती. राज्याच्या १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यानुसार आंबा, चिंच, जांभूळ, मोह, साग, चंदन अशी झाडं स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. सोनारी काळभैरवनाथाइतकीच तिथल्या माकडांसाठीही ओळखली जाते, आणि यातल्या फळझाडांवर त्यांचंही पोट आहे. सरपणाला वेडी बाभूळ घ्या. ती तोडली तरी बुंध्यातून पुन्हा फुटते आणि पडीक रान व्यापत जाते. तिचं लाकूड उन्हाळ्यात कापून वाळवा आणि मिरगाच्या आधी आडोशाला रचा. ओलं लाकूड धूर करतं, आणि तो धूर चुलीपुढं बसणाऱ्या बाईच्या छातीत जातो.

शेवटी पैशाचं. डोळ्यांना चष्मा, कानांना बोळे, हातमोजे आणि जाड बूट हे सगळं मशीनच्या किमतीतच धरा. पैसे कमी पडले तर मशीन एक माप लहान घ्या, पण हा साज वगळू नका. लहान मशीननं काम उद्यावर जाईल, एवढंच. हातपाय शाबूत असतील तर उद्याचं काम उद्या होतंच.