आकडे जुळले म्हणून सत्य झाले काय?
(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी सांगितले की परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, नुसत्या तर्कात बसते म्हणून किंवा सांगणारा मोठा वाटतो म्हणून काही मानू नका. हा उपदेश अंगारे-धुपाऱ्यांपुरताच आहे, असे आपल्याला वाटते. पण विज्ञानाची भाषा बोलणाऱ्या दाव्यालाही तो तितकाच लागू आहे.

एक उदाहरण घेऊ. हायड्रोजनच्या अणूत एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन. तो इलेक्ट्रॉन सुटा करायला १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. हीच आयनीभवन ऊर्जा. इलेक्ट्रॉन तेव्हा सर्वात खालच्या पायरीवर असतो, त्याखाली पायरी नाही. १९९१ साली अमेरिकेतील रँडेल मिल्स यांनी दावा केला की खाली आणखी पायऱ्या आहेत आणि इलेक्ट्रॉन तिथे उतरला की भरपूर ऊर्जा मिळते. अशा हायड्रोजनला ते 'हायड्रिनो' म्हणतात. त्याला उतरवायला २७.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट शोषून घेणारा पदार्थ हवा. मग पोटॅशियमचे गणित मांडले. एका आयनातून आणखी एक इलेक्ट्रॉन काढायला ३१.६ लागतात, दुसऱ्या आयनाला इलेक्ट्रॉन मिळाला की ४.३ परत येतात. वजाबाकी २७.३. झाले, आकडा जुळला!

इथेच आपण थांबून विचारायचे. मूलद्रव्ये शंभरावर, त्यांच्या आयनीभवन ऊर्जा कितीतरी, आणि त्यांतल्या बऱ्याच आधीच मोजलेल्या. बेरीज-वजाबाकीची मोकळीक असेल तर हवा तो आकडा कुठेतरी सापडणारच! उत्तर बघून गणित सोडवले तर त्याला पुरावा म्हणत नाहीत. २००५ साली आंद्रेयास राथके यांनी हा सिद्धांत तपासला. त्याच्या स्वतःच्या समीकरणांतूनसुद्धा हायड्रिनो निघत नाही, असे त्यांनी दाखवले. तीस वर्षे उलटून गेली, तरी त्यावर चालणारे वीजकेंद्र कुणाच्या घरी दिवा लावत नाही.

शंका घेणे म्हणजे टिंगल करणे नव्हे. दावा करणाऱ्याने आकडा मोजण्याआधी सांगावा, परक्या माणसाने परक्या प्रयोगशाळेत मोजावा, आणि तो पुन्हा पुन्हा तसाच यावा. एवढे झाले तर आम्ही आनंदाने मान्य करू. धम्मवंदनेत आपण 'एहिपस्सिको' म्हणतो, म्हणजे 'या आणि पाहा'. पाहण्याआधी माना, असे तथागत कुठेच म्हणत नाहीत.

मुलांनो, शिक्षकांना प्रश्न विचारा. आई-बाबांनो, नव्या ऊर्जेच्या नावाने कुणी पैसे मागितले तर आधी विचारा, 'हे दुसऱ्या कुणी तपासले आहे का?' बाबासाहेबांनी आपल्याला हाच चिकित्सक धम्म दिला. तो वंदनेपुरता ठेवू नका, व्यवहारात आणा.

नमो बुद्धाय! जय भीम!