परुशी, जकातदार आणि आपण



पेडणे आणि डिचोली हे सरहद्दीवरचे तालुके. जकात म्हणजे काय, हे इथल्या जुन्या पिढीला पुस्तकातून शिकावे लागले नाही. 1961 पूर्वी पलीकडे जायचे तर वाटेत नाका असे. परक्या सत्तेसाठी आपल्या माणसांचे गाठोडे सोडून पाहणाऱ्याविषयी गावाला काय वाटत असेल, ते सांगायला नको. म्हणून लूकच्या शुभवर्तमानाच्या 18 व्या अध्यायातला जकातदार आपल्याला लवकर ओळखू येईल.

दोघे जण मंदिरात प्रार्थनेला जातात. एक परुशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा, दुसरा जकातदार. आपण इतरांसारखे नाही, या जकातदारासारखे तर नाहीच, याबद्दल परुशी देवाचे आभार मानतो. आठवड्यातले दोन उपास आणि उत्पन्नाच्या दशांशाचे दान तो देवाला ऐकवतो. जकातदार दूर उभा राहतो, मान वर करीत नाही, ऊर बडवून फक्त दया मागतो. येशूच्या मते देवाच्या दृष्टीने निर्दोष ठरून घरी गेला तो हा दुसरा.

परुशी खोटे बोलत नाही, हे ध्यानात घ्यावे. त्याचे उपास खरे, दानही खरे. पण त्याच्या प्रार्थनेत मागणेच नाही. त्याने देवापुढे जमेची वही उघडली आणि शेजाऱ्याला खर्चाच्या बाजूला मांडले.

हा दोष व्यक्तीपुरता राहत नाही. दिवाडीचा सप्तकोटेश्वर सोळाव्या शतकात डिचोलीतल्या नार्व्याला आणावा लागला. शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये तिथे जीर्णोद्धार करविला. आपलीच प्रार्थना खरी, या खात्रीला सत्तेचे बळ मिळाले की काय होते, त्याची ही खूण. पण त्याच गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत रचली. ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये रायतूरला छापले गेले. हेतू धर्मप्रसाराचाच होता. तरी शिकवायला आलेल्या माणसाला आधी श्रोत्यांच्या भाषेचे शिष्यत्व पत्करावे लागले.

दूर उभे राहणे म्हटले की आपल्याला चोखोबा आठवतात. पण फरक मोठा आहे. जकातदार आपणहून दूर राहिला. चोखोबांना दूर ठेवले गेले. लादलेले दूरपण म्हणजे नम्रता नव्हे. ज्याला उंबऱ्याबाहेर ठेवले, त्यालाच नम्रतेचा उपदेश करणे हा परुशीपणाच. गोव्यातल्या काही चर्चच्या कॉन्फ्रारियांतही जातीची उतरंड टिकून राहिली, हे इथे विसरता येत नाही.

आणि हे ऐकताना ‘बरे झाले, मी त्या परुश्यासारखा नाही’ असे कुणाच्या मनात आले, तर तो परुश्याच्याच शेजारी उभा राहिला.

मग खरी नम्रता ओळखायची कशी? लूकने पुढच्याच अध्यायात यरीहोच्या जक्कयाची गोष्ट दिली आहे. हा तर जकातदारांचा मुख्य. येशू त्याच्या घरी उतरतो, तेव्हा तो अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ करतो आणि ज्याला लुबाडले त्याला चौपट परत करायचे कबूल करतो. ऊर बडवणे ही सुरुवात झाली. ज्याचे घेतले त्याच्या दारी जाऊन ते परत केले, म्हणजे प्रार्थना पुरी होते.