तीन मिनिटं गप्प बसायला शिकताना

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत आपल्या एका सीआरपी ताईंनी केलेलं भाषण. बऱ्याच जणींनी मागितलं म्हणून बोलल्या तसं छापत आहोत.)



मला सांगितलंय की दहा मिनिटांत बोला, जेवणाची वेळ झालीय. तरुण मुलामुलींच्या मनाच्या आरोग्याचं जे प्रशिक्षण तालुक्याला झालं, त्यात काय शिकवलं ते सांगायचंय.

खरं सांगू का, मी गेले ती भत्त्यासाठी आणि हजेरीसाठी. मला वाटलं, वेडं कोण आणि शहाणं कोण हे ओळखायला शिकवणार असतील. पहिल्या दिवशी मॅडम फळ्यावर ‘लवचिकता’ लिहून बोलत होत्या. आमच्यातल्या एका मावशींनी विचारलं, “म्हणजे कंबरेची का?” सगळ्या हसल्या. मॅडमही हसल्या, आणि मग साध्या भाषेत सांगितलं. संकट आलं तरी पोरगं त्यातून बाहेर येतं, आणि त्यासाठी त्याला निदान एक मोठं माणूस असं लागतं की ज्याच्याकडे ते न घाबरता जाईल.

मग आम्हाला जोडीजोडीने बसवलं. एकीने तीन मिनिटं आपली अडचण सांगायची, दुसरीने फक्त ऐकायचं. सल्ला नाही, “माझंही असंच झालं होतं” नाही, काही नाही. बायांनो, एकीलाही जमलं नाही! माझ्या जोडीदारणीने तोंड उघडून मिनिट झालं नसेल, तेवढ्यात मी म्हणाले, “अगं त्यात काय एवढं, होईल सगळं नीट.” ती बोलायची थांबली. पुढची दोन मिनिटं आम्ही एकमेकींकडे बघत बसलो.

त्या दिवशी घरी येताना एसटीत मला एक मुलगी आठवत होती. तिचं सांगते. तिला विचारूनच सांगते, आणि ओळखू येऊ नये म्हणून काही गोष्टी बदलल्यात. कोण असेल याचा अंदाज लावत बसू नका.

बारावीतली मुलगी. हुशार. काही महिन्यांपासून जेवण कमी झालेलं, रात्री झोप नाही, केस विंचरत नव्हती, मैत्रिणींकडे जाणं बंद. मला मावशी म्हणते. एकदा माझ्याजवळ रडली तर मी म्हणाले, “तुला काय कमी आहे? आम्ही तुझ्या वयात रोजाने जात होतो.” एवढ्यावर थांबले असते तरी बरं होतं. पण बचतीची सभा संपल्यावर चहा घेताना मी ते दोघी-तिघींना सांगितलं. काळजीनेच सांगितलं, असं तेव्हा मला वाटत होतं. आठ दिवसांत ते फिरून तिच्या कानावर गेलं, वर “कुणाच्या तरी भानगडीत आहे” हे जोडून. त्यानंतर मी दारात दिसले की ती आत निघून जायची.

आपल्या गटाची ताकद काय? कुणाच्या घरात काय चाललंय ते आपल्याला माहीत असतं. कर्ज देताना त्याचाच उपयोग होतो. पण पोरांच्या बाबतीत तेच नडतं. त्यांना ठाऊक असतं की आईच्या गटात गेलेली गोष्ट गावभर होते.

प्रशिक्षणानंतर मी तिच्याकडे गेले आणि म्हणाले, “माझं चुकलं. तुझी गोष्ट मी बाहेर सांगायला नको होती.” ती काही बोलली नाही. दुसऱ्यांदा गेले, तेव्हाही नाही. तिसऱ्यांदा ती तुरीच्या शेंगा सोलत बसली होती, मीही सोलायला बसले. अर्धं टोपलं झालं आणि ती बोलायला लागली. मी जीभ दाताखाली धरून बसले होते.

बोलता बोलता म्हणाली, “माझं सगळ्यांना ओझंच झालंय.” आता असं वाक्य आलं की काय करायचं, ते आम्हाला शिकवलं होतं. सरळ विचारायचं. आपल्याला भीती वाटते की विचारल्याने तिच्या डोक्यात नसलेलं येईल. तसं होत नाही. विचारलं की उलट मोकळं होता येतं. माझा घसा कोरडा पडला होता, तरी विचारलं, “जीव द्यावासा वाटतो का गं तुला?”

“कधी कधी,” ती म्हणाली.

मग मी तिला सांगितलं की तुझं बाकीचं सगळं माझ्या पोटात राहील, पण ही एक गोष्ट मला एकटीला ठेवता येणार नाही, तुझ्या आईला सांगावी लागेल. तू बरोबर असतानाच सांगू. ती चिडली, मग तयार झाली. फवारणीचं औषध त्यांच्या घरात पलंगाखालीच होतं. ते त्याच संध्याकाळी घराबाहेर काढलं आणि कुलपात ठेवलं, किल्ली वडिलांकडे. त्या रात्री तिला एकटीला झोपू दिलं नाही. 14416 ला फोन लावला. हा टेलिमानसचा नंबर आहे. दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. नंतर जिल्हा रुग्णालयात मानसोपचार डॉक्टरांना दाखवलं. तिची आजी म्हणाली, देवाचं बघू आधी. मी म्हणाले, आजी, अंगारा लावा, पण गोळी बंद करू नका.

आता ती बरी आहे का? काही दिवस चांगले जातात, काही नाही. मागच्या आठवड्यात दोन दिवस पुन्हा उठली नव्हती. पण आता बोलते.

काही जणी पोलीस केसला भितात, म्हणून असं काही घडलं तर दवाखान्यात न्यायलाच उशीर करतात. तसं करू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात स्पष्ट आहे की असा प्रयत्न करणारं माणूस मोठ्या ताणाखाली होतं असंच धरायचं, त्याच्यावर खटला चालवायचा नाही, आणि त्याची काळजी घेणं हे सरकारचं काम आहे. दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठी सरकारी दवाखान्यांत ‘मैत्री क्लिनिक’ असतं. आपल्या भागात कुठे आणि कोणत्या वारी, ते आशाताईंना विचारा.

मुलांचं, म्हणजे पोरांचं, वेगळंच. पोरगी रडते तरी. पोरगं चिडतं, गाडी जोरात पळवतं, पिऊन येतं, आणि आपण म्हणतो, वाया गेलं. दहावी-बारावीचा निकाल लागला की जास्त लक्ष ठेवा. पुरवणी परीक्षा त्याच वर्षी असते, हे निकालाच्या आधीच घरात बोलून ठेवा.

अजून एक सांगते, मला फार पटलेलं. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात 70 हून अधिक शाळांमध्ये मुलांच्या मनाच्या आरोग्याचं काम करून पाहिलं. काही शाळांत ते शिक्षकांनी केलं, काही शाळांत शिकवून तयार केलेल्या साध्या समुपदेशकांनी. कार्यक्रम तोच. समुपदेशक होते तिथे मुलांची उदासी कमी झाली. शिक्षकांनी केलं तिथे तसा फरक पडला नाही. मला वाटतं, ज्याच्या हातात मार्क आहेत त्याला पोरं मनातलं कसं सांगतील? मग आईच्या हातात तर सगळंच असतं! म्हणून तुमची मुलगी तुम्हाला सोडून शेजारच्या काकूशी बोलत असेल तर रुसू नका.

संघाकडे माझी एकच मागणी आहे. प्रत्येक ग्रामसंघात दोन-दोन बाया या कामाला तयार करू. पण कुठल्याही मुलाचं नाव सभेच्या इतिवृत्तात येणार नाही, असा ठराव आजच घ्या. मागच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, मग अहवाल कसा द्यायचा? आकडा द्या, नाव देऊ नका.

ज्यांना शिकायचंय त्यांनी जेवण झाल्यावर त्या पिंपळाखाली थांबा. तीन मिनिटं गप्प बसण्यापासून सुरुवात करू. घड्याळ मी आणलंय.