खूण रंगात नाही, शेपटीत
उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर रूफस आणि ॲलन्स हे दोन हमिंगबर्ड आढळतात. नराची पाठ तांबूस तर रूफस, हिरवी तर ॲलन्स, असं सर्रास सांगितलं जातं. पण काही रूफस नरांची पाठही हिरवी असते, त्यामुळे नुसत्या हिरव्या पाठीवरून निकाल देता येत नाही. भरवशाची खूण शेपटीत आहे. मधल्या जोडीलगतच्या पिसाला टोकाजवळ रूफस नरात खाच असते. ॲलन्सला ती नसते, आणि त्याची कडेची पिसं जास्त अरुंद असतात. कुणी म्हणेल, ठिकाणावरून ओळखावं. दोघांपैकी अलास्कापर्यंत वीण होते ती रूफसचीच, हे खरं. पण स्थलांतरात तो कॅलिफोर्नियातून, ॲलन्सच्याच मुलखातून जातो. म्हणून पसरलेल्या शेपटीचा स्पष्ट फोटो नसेल, तर हिरव्या पाठीच्या नराची ‘दोघांपैकी एक’ एवढीच नोंद करणं शहाणपणाचं.