परक्या अवयवाशी शरीराचा समेट



गाईला जुळे झाले की गोठ्यात कौतुक होते. अशाच जुळ्या वासरांनी वैद्यकशास्त्राला एक अवघड कोडे उलगडून दिले आहे. १९४५ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञ रे ओवेन यांना असे आढळले की, रूपाने भिन्न असलेल्या जुळ्या वासरांच्या अंगी एकमेकांच्या रक्तपेशी कायम नांदतात. गर्भात असताना त्यांच्या वारेतील रक्तवाहिन्या जोडल्या जातात, त्याचा हा परिणाम होय. इंग्लंडमध्ये पीटर मेदावार व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा वासरांची त्वचा एकमेकांच्या अंगावर बसविली, तेव्हा तीही बहुधा टिकली. १९५३ मध्ये त्यांनी उंदरांच्या गर्भात दुसऱ्या वाणाच्या पेशी सोडल्या. ती पिले मोठी झाल्यावर त्यांनी त्याच वाणाची त्वचा स्वीकारली. आपले आणि परके हा भेद शरीर शिकते, हे यावरून सिद्ध झाले. या कार्याबद्दल मेदावार १९६० च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले.

एरवी मात्र रक्तातील पांढऱ्या पेशी परका अवयव शत्रू मानून नष्ट करतात. १९५४ मध्ये बोस्टन येथे मूत्रपिंडाचे रोपण यशस्वी झाले, ते दाता व रुग्ण एकरूप जुळे भाऊ होते म्हणून. इतरांसाठी औषधांचा आधार लागतो. मातीतील बुरशीपासून मिळालेल्या सायक्लोस्पोरिनला १९८३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि अवयवरोपणाचे क्षेत्र विस्तारले.

सर्वांत कठीण रोपण आतड्याचे. ज्यांचे आतडे रोगाने किंवा शस्त्रक्रियेत गमावले जाते, त्यांना शिरेवाटे पोषण द्यावे लागते. तेही अशक्य झाले की रोपणाचा विचार होतो. आतड्याचा अन्नातील जंतूंशी नित्य संबंध असल्याने त्यात संरक्षक पेशींचा मोठा साठा असतो. त्यामुळे लढा दुहेरी होतो: रुग्णाचे शरीर आतड्यावर चालून जाते, आणि आतड्यातील दात्याच्या पेशी रुग्णावर उलटू शकतात.

परंतु याच साठ्यात आशेचे बीज आढळले आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील मेगन साईक्स व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवून दिले की, रोपण केलेल्या आतड्यात दात्याच्या रक्तोत्पादक पेशीही असतात व त्या रुग्णाच्या रक्तात भर घालतात. ज्या रुग्णांत दात्याच्या पेशी उपद्रव न करता रक्तात टिकून राहतात, त्यांच्यात नाकारण्याचे प्रमाण कमी आढळते. वासरांत निसर्गाने जे घडविले, तेच येथे अंशतः घडते.

तथापि हे संशोधन अद्याप औषधांची जागा घेऊ शकत नाही. बरे वाटते म्हणून रुग्णाने मनाने औषध बंद केल्यास बसविलेला अवयव गमावण्याचा धोका असतो. खेड्यात परतलेल्या रुग्णाच्या गोळ्यांत खंड पडू नये, याकडे कुटुंबीयांनी, शिक्षकांनी व आरोग्यसेवकांनी लक्ष ठेवणे अगत्याचे आहे.

अवयवरोपणाचा १९९४ चा केंद्रीय कायदा राज्यांपैकी प्रथम गोवा, महाराष्ट्र व हिमाचल प्रदेश येथे लागू झाला. मेंदू मृत झालेल्या व्यक्तीचे आतडे शरीराबाहेर काही तासच टिकते. म्हणून दानाचा विचार घरात आधीच बोलून ठेवावा. शोकाच्या घटकेला नातेवाइकांना निर्णय घेणे त्यामुळे सुकर होते.