पगारी रजेचा पहिला दिवस

जून १९३६ मध्ये, संपांच्या लाटेनंतर, फ्रान्समध्ये कायदा झाला : कामगाराला वर्षाकाठी दोन आठवडे पगारी रजा. ऑगस्टपासून तिकिटातही ४० टक्के सवलत मिळू लागली.

पॅरिसच्या कारखान्यातले एखादे जोडपे डोळ्यांपुढे आणा. आनंदाने आदल्या रात्री झोप नाही, मग रात्रभर आगगाडी, आणि सकाळी नीस शहर! इंग्रजांच्या नावाचा तो समुद्रकाठचा रस्ता. हिवाळ्यात हवा खायला येणाऱ्या धनिकांचा. भोंगा नाही, मुकादम नाही. नवरा सवयीने घड्याळ पाहतो. बायको हळूच विचारते, “आजचा पगार कापणार नाहीत ना?” कायदा झाला म्हणून लगेच धीर थोडाच येतो!

“नाही कापणार,” तो म्हणतो. मग कुठे ती बूट काढून, किनाऱ्यावरचे गोटे चुकवीत, पाण्यात उतरते.